२३ सप्टेंबर: वाढदिवस नक्की कुणाचा?

तिसरी घंटा (२३ सप्टेंबर २०२५, सकाळी ७.४०)

सकाळी उठून फोन बघितला तर घरच्या ग्रुपवर अकरा, शाळेच्या ग्रुपवर चौदा आणि सोसायटीच्या ग्रुपवर (जिथे एरवी फक्त टँकरच्या पाण्यावरून भांडणं होतात) सात मेसेज. सगळ्यांना एकाच माणसाचा पत्ता हवा होता. धनंजय मानेंचा.

'अशी ही बनवाबनवी' २३ सप्टेंबर १९८८ ला लागला, म्हणजे आज सदतीस पूर्ण झाली. सिनेमा मलाही पाठ आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण गेल्याच महिन्यात माळा आवरताना बाबांची वही सापडली आणि तेव्हापासून या तारखांवरचा माझा विश्वास जरा उडालाय.

बाबा तालुक्याच्या गावी थिएटरात ऑपरेटर होते. सव्वीस वर्षं. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात असते तसली वही. रकाने हाताने आखलेले: सिनेमा, कधी लागला, नट, आठवडे, रिळांची पेटी कधी परत गेली, शेरा. शेऱ्यात 'कार्बन संपले, उशीर', 'पाऊस, ९ चा खेळ रद्द', 'रीळ ७ ला चिकटपट्टी' असलं काहीबाही. आणि बनवाबनवीच्या ओळीत तारीख आहे १४ एप्रिल १९८९. यात्रेच्या आदल्या आठवड्यातला शुक्रवार. तीन आठवडे. शेरा: 'खुर्च्या मोडल्या ३. गर्दी आवरेना. पेटी गुरुवारी रात्रीच्या गाडीने.'

म्हणजे मुंबई-पुण्यात सिनेमा लागून सात महिने होईपर्यंत आमच्या गावाला धनंजय माने कोण हे ठाऊक नव्हतं. प्रिंट मोजक्या, त्या आधी मोठ्या शहरांत घासायच्या, मग जिल्ह्याला, मग आमच्याकडे. येईपर्यंत पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडायला लागलेला असायचा. तेव्हा आमच्या गावापुरता या सिनेमाचा वाढदिवस कधी धरायचा? चैत्रातच ना?

दुसरं म्हणजे पूर्वी सिनेमाचा उत्सव आठवड्यांवर व्हायचा. पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव, पन्नासला सुवर्ण. आता पंचवीस वर्षं झाली की रौप्यमहोत्सव. आठवडे मोजायचे तर लोकांनी तिकीट काढून यायला लागायचं. वर्षं काय, कुणी बघो न बघो, होतच राहतात.

तुमच्याकडे काय आठवणी आहेत? तारखांच्या, गर्दीच्या, काहीही.

---

खट्याळ खारीक (सकाळी ८.०२)

पैला! काका, मी २००१ चा. मी हा पिच्चर थिएटरात बघितलेलाच नाही, टीव्हीवर मात्र चाळीसेक वेळा. माझ्यासाठी याचा वाढदिवस म्हणजे दर दुसरा रविवार.

---

जंत्री (सकाळी ९.१५)

धागा आवडला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तारखांचा विषय निघालाच आहे तर माझी खाज भागवून घेतो. आपण 'राजा हरिश्चंद्र'चा वाढदिवस ३ मे ला करतो. ३ मे १९१३, गिरगावातलं कॉरोनेशन. पण दादासाहेब फाळक्यांनी निवडक लोकांना आणि पत्रकारांना तो २१ एप्रिललाच ऑलिम्पिया थिएटरात दाखवला होता. मग जन्म कधीचा? आणि त्याच कॉरोनेशनमध्ये त्याच्या आदल्या वर्षी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' लागला होता. तो नाटकाचंच चित्रण, म्हणून त्याला पहिलेपणाचा मान द्यायचा की नाही यावर माणसं अजून हमरीतुमरीवर येतात. (इथे येऊ नका. धाग्याचं काश्मीर होईल.)

गंमत पुढेच आहे. वाढदिवसाला आपण 'राजा हरिश्चंद्र'ची म्हणून जी हलती चित्रं फिरवतो ती फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे बारशाला फोटो धाकट्या भावाचा!

आणखी एक. ३ मे १९१३ शनिवार होता. मराठी बोलपटाची सुरुवात ज्याने झाली तो 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ चा, शनिवार. प्रभातचा 'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६, शनिवार. बनवाबनवी मात्र शुक्रवारचा. शुक्रवार ही नंतरची खोड आहे. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५, तोही शुक्रवार.

---

एडिसनकर (सकाळी ९.३१)

जंत्रीबुवा, ही वारांची माहिती तुम्ही कुठल्या रोगापायी गोळा करता? _/\_

---

पिटातला बाबुराव (सकाळी ११.०८)

आठवड्यांचा विषय काढलात आणि दादांचं नाव नाही? हे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा सोडून चंद्रभागेचे फोटो काढणं झालं.

दादा कोंडक्यांच्या लागोपाठ नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला. सोंगाड्या, एकटा जीव सदाशिव, आंधळा मारतो डोळा, पांडू हवालदार, तुमचं आमचं जमलं, राम राम गंगाराम, बोट लावीन तिथं गुदगुल्या, ह्योच नवरा पाहिजे, आली अंगावर. गिनीज बुकात नोंद आहे. आणि हे वर्षांचे नव्हेत, आठवड्यांचे महोत्सव.

सोंगाड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेल तरी सांगतोच. १९७१ साल. सिनेमा दादरच्या कोहिनूरला लागणार होता, तर ऐनवेळी तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं घाटलं. दादा गेले बाळासाहेब ठाकऱ्यांकडे. पुढचं शिवसैनिकांनी बघितलं आणि सोंगाड्या लागला. नुसता लागला नाही, पंचवीस आठवडे हलला नाही. आता सांगा, याचा वाढदिवस लागला त्या दिवशी करायचा की पंचविसाव्या आठवड्याचा फलक चढला त्या दिवशी? माझ्या मते दुसऱ्या. जन्माला सगळेच सिनेमे येतात हो, जगला कोण ते विचारा.

आमच्या चुलत्यांचं पानाचं दुकान थिएटरच्या तोंडालाच होतं. ते म्हणायचे, दादांचा पिच्चर असला की मध्यंतरात पान कमी आणि सोडा जास्त खपतो. हसून हसून घसे कोरडे पडलेले असायचे. बाया हसत नाहीत, पदर तोंडात कोंबून बसतात, असंही म्हणायचे. त्या पदराआडच्या हसण्यावर कुणी लिहिलंय का?

अवांतर: यंदा 'पांडू हवालदार'ला पन्नास वर्षं झाली. अशोकमामांना बघून 'हा कोण नवा' असं लोक विचारायला लागले ते त्यात. किती जणांनी स्टेटस ठेवलं? शून्य. त्याच्यातला एकही डायलॉग मीममध्ये बसत नाही ना!

---

खट्याळ खारीक (सकाळी ११.२०)

बाबुराव, आज रात्री बघतो. पक्का.

---

माई (दुपारी २.४५)

जेवणं उरकून आत्ता वाचलं. मी इथे वयाने सगळ्यांत मोठी असणार, म्हणून थोडं लांबण लावते.

जंत्रींनी 'संत तुकाराम'चं नाव घेतलं. तो गिरगावच्या सेंट्रलमध्ये सत्तावन्न आठवडे चालला, पुढे व्हेनिसलाही नावाजला, हे सगळं मी नंतर वाचलं. मी स्वतः पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, गावाच्या जत्रेत, तंबूत. जमिनीवर बसून. आईने पडद्यासमोर नारळ फोडू द्या म्हणून तंबूवाल्याशी वाद घातला होता. तुकाराम झालेले पागनीस पडद्यावर आले की ती हात जोडायची आणि जिजाई ओरडायला लागली की मान डोलवायची, कारण तिचं सगळं पटायचं. घरात दाणा नाही आणि नवरा भजनात! गौरीबाईंनी ती जिजाई अशी केली आहे की त्या प्रभातमध्ये आधी किरकोळ कामं करायच्या यावर विश्वास बसत नाही.

त्यातलं 'आधी बीज एकले' आम्ही तुकोबांचाच अभंग म्हणून पाठ केलं होतं. पुढे कळलं, ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं. भल्याभल्या जाणत्यांचीही तशीच फसगत झाली होती म्हणतात. मला फसल्याचं दुःख नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय झालं? गाथेत जागा असेल की एखादी."

त्याची नव्वदी पुढच्या वर्षी डिसेंबरात येते. तेव्हा या मुलांच्या फोनवर काही येईल का, बघू.

आता वाढदिवसांबद्दल. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तर तीच तारीख टाकायचे. माझाही तोच. खरा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, एवढंच आई सांगायची. जुन्या नटनट्यांच्या तारखा इतक्या ठामपणे छापलेल्या दिसतात तेव्हा मला त्यांच्या हेडमास्तरांची आठवण येते.

---

तिसरी घंटा (दुपारी ३.३०)

माई, साष्टांग. 'गाथेत जागा असेल की' हे आजचं वाक्य.

आमच्या बाबांचाही १ जूनच! निवृत्तीसुद्धा त्यावर झाली. आजी म्हणायची, दोन वर्षं आधीच घरी बसवला माझ्या पोराला.

---

अरसिक (दुपारी ४.१२)

थोडा खडा टाकतो, चालेल ना?

दरवर्षी २३ सप्टेंबरला मराठी माणसाला जे भरतं येतं ते मला कळत नाही. सिनेमा चांगला आहे, मान्य. पण कथेचा सांगाडा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'चा, १९६६ चा. त्याचा वाढदिवस कुणी करतं? पुरुषाला साडी नेसवली की हशा, हा विनोदही आता तितका निरागस वाटत नाही. आणि डायलॉग फिरवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पूर्ण सिनेमा एका बैठकीत शेवटचा कधी पाहिला? वाढदिवस नव्हे, हे वर्षश्राद्ध आहे. पान वाढलं, कावळा शिवला, झालं.

(आता मारा.)

---

एडिसनकर (संध्याकाळी ५.५०)

मारत नाही, पण कावळा इकडे न्यू जर्सीतही शिवतो एवढं सांगतो. आमच्यात पाच-सहा घरं आहेत. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी कुणाच्या तरी तळघरात पडदा लागतो, मिसळ होते आणि सिनेमा पूर्ण, एका बैठकीत, नावांसकट बघितला जातो. इथे वाढलेली पोरं सिनेमातल्या सत्तर रुपयांच्या विनोदावर हसत नव्हती. सत्तर रुपयांना काय येतं हेच त्यांना माहीत नाही. मग माझ्या मुलीने एकदा विचारलं, "बाबा, यांना घर का मिळत नाही?" तेव्हा लक्षात आलं की या सगळ्या धमालीच्या तळाशी एक साधी अडचण आहे. एकट्या पोरांना पुण्यात कुणी खोली देत नाही. मी स्वतः पुण्यात तीन वर्षांत चार खोल्या बदलल्या. तिला ते सांगताना मी हसत नव्हतो.

साडीच्या विनोदाबद्दल: सचिन आणि लक्ष्या साडीत येतात तेव्हा मला हसू साडीचं येत नाही, लक्ष्याला ती सावरता येत नाही आणि सचिनला जरा जास्तच सावरता येते याचं येतं.

---

जंत्री (संध्याकाळी ६.३५)

अरसिक, साडीची परंपरा आपल्याकडे सिनेमाइतकीच जुनी आहे. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, ग्रँट रोडजवळच्या हॉटेलात काम करणारे. बाया मिळेनात म्हणून फाळक्यांनी त्यांना उचललं. पुढे 'लंका दहन'मध्ये हेच साळुंके राम आणि सीता दोन्ही! आणि माईंनी ज्यांना हात जोडलेले पाहिले ते विष्णुपंत पागनीसही आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. तेव्हा लक्ष्याच्या पार्वतीबाईंचं घराणं मोठं आहे.

'बीवी और मकान'चा मुद्दा मात्र बरोबर. पण सांगाडा तिकडचा असला तरी जे संवाद आपण सकाळपासून एकमेकांना पाठवतोय ते तिकडचे नाहीत. ते वसंत सबनीसांचे आहेत.

आता बाबुराव, बसून घ्या. तुमचा सोंगाड्या लिहिला कुणी? वसंत सबनीसांनी. दादा कोंडके ज्या लोकनाट्याने दादा कोंडके झाले ते 'विच्छा माझी पुरी करा' कुणाचं? त्यांचंच, १९६५. आधी त्याचं नाव 'छपरी पलंगाचा वग' होतं. ते बघूनच आशाताईंनी (भोसले) भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सुचवलं, मग १९६९ चा 'तांबडी माती', मग पुढचं सगळं. म्हणजे या धाग्यावर सकाळपासून जे दोन तट पडलेत, आठवडेवाले आणि वर्षंवाले, दोघांच्या मागे माणूस एकच.

सबनीसांचा जन्म ६ डिसेंबर १९२३, सोलापूरचा. दोन वर्षांपूर्वी जन्मशताब्दी होऊन गेली. इथे धागा निघाला होता का? मी शोधलं. नाही. मीही काढला नव्हता.

---

पिटातला बाबुराव (संध्याकाळी ६.५८)

बसलो. खरंच बसलो. सोंगाड्याची टायटलं मी शंभरदा बघितली असतील. नाव डोळ्यांसमोरून गेलं असणारच की हो.

---

अरसिक (संध्याकाळी ७.१०)

जंत्री, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. वर्षश्राद्ध हा शब्द मागे घेत नाही, पण पान कुणासाठी वाढायचं ते कळलं.

---

शेवंतीची वेणी (रात्री ८.२२)

तारखा कशा अंगावर येतात त्याचं एक उदाहरण. ४ जून हा अशोक सराफांचा वाढदिवस. २०२३ च्या ४ जूनला मी सकाळी कौतुकाने त्यांचा फोटो लावला आणि संध्याकाळी बातमी आली, सुलोचनादीदी गेल्या. एकाच दिवशी आधी केक आणि मग हार. फोटो काढून टाकावा की ठेवावा कळेना. शेवटी दोघांचे शेजारी शेजारी ठेवले. तेव्हापासून ४ जूनला मी दोघांचा मिळून एक सिनेमा बघते. म्हणजे दिवसा एकाचा, रात्री दुसरीचा.

बनवाबनवीबद्दल बोलायचं तर मला तो आता नुसता हसत बघता येत नाही. २००४ च्या मार्चमध्ये सिद्धार्थ रे गेला, डिसेंबरात लक्ष्मीकांत. पुढच्या वर्षी सुधीर जोशी. नंतर नयनतारा, विजू खोटे. सिनेमातल्या लीलाबाई काळभोरांचा बंगला हळूहळू रिकामा होत गेल्यासारखं वाटतं.

---

खट्याळ खारीक (रात्री ८.४०)

थांबा, विजू खोटे म्हणजे शोलेतला कालिया? तेच यात बळी?

---

जंत्री (रात्री ८.४४)

तेच. आणि शोलेत ज्या अहमदला गब्बर मारतो तो सचिन. मिनर्व्हात शोले पाच वर्षं चालला, त्याची पन्नाशी गेल्या महिन्यातच झाली. सचिनचा वाढदिवस त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला. आता मला झोपू द्या.

---

माई (रात्री ९.०५)

खारीक, जंत्रींना झोपू दे. तू पांडू हवालदार लावणार होतास ना? लाव.

---

तिसरी घंटा (रात्री १०.३०)

धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी हाउसफुल्ल.

जंत्रींचा प्रतिसाद वाचून पुन्हा वही काढली. बाबा ऑपरेटर होण्याआधी सोंगाड्या येऊन गेला असणार असं समजत होतो, पण तो आमच्याकडे पुन्हा पुन्हा यायचा. तीन नोंदी सापडल्या. १९७८, १९८१, १९८६. दर वेळी यात्रेत. शेवटच्या नोंदीत शेरा: 'प्रिंट फार जुनी. रीळ ३ मध्ये ४ ठिकाणी तुटले. लोक ओरडले नाहीत, पुढचे स्वतःच बोलले.' म्हणजे पट्टी तुटून पडदा पांढरा झाला तेव्हा पिटातल्या लोकांनी पुढचे संवाद म्हणून दाखवले! मी तेव्हा आत असेन की नाही आठवत नाही. असायला हवं होतं.

बनवाबनवीच्या ओळीत नटांच्या रकान्यात बाबांनी लिहिलंय: 'अशोक, लक्ष्या, सचिन, शांतारामबापूंचा नातू, २ बाया (पुरुषच)'. घरात सगळ्यांना दाखवलं, आई डोळे पुसेपर्यंत हसली.

लेखक असा रकाना वहीत नाही. नटांच्या आणि आठवड्यांच्या मधे पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली आणि दोन ठिकाणी नाव लिहिलं. अक्षर बाबांसारखं आलं नाही.

६ डिसेंबर यंदा शनिवारी येतो. दिवसा चैत्यभूमीला जाणारे जातील, म्हणून रात्री नऊला, इथेच, एकाच वेळी सोंगाड्या लावायचा का? ज्याने त्याने आपल्या घरी, आणि प्रतिसाद या धाग्यावर. एडिसनकर, तुमच्याकडे सकाळ असेल, पोहे करा.

---

पिटातला बाबुराव (रात्री १०.३६)

हजर. सोडा घेऊन.

---

एडिसनकर (रात्री १०.४१)

पोहे नक्की. शनिवारी आहे म्हणून जंत्रीबुवांना परमानंद होणार.

---

खट्याळ खारीक (रात्री ११.५२)

पांडू हवालदार संपला. माई, खरं सांगू? पहिली वीस मिनिटं फोन बघत होतो. नंतर फोन कुठे ठेवला तेच आठवेना.

काका, वहीचे फोटो टाका ना.

---

तिसरी घंटा (रात्री ११.५८)

टाकतो उद्या. पण आधी कुणीतरी सांगा, इथे फोटो चढवला की आडवा का पडतो?